बोटांचा निरोप

वर्धा शहरापासून जवळच सेवाग्राम आहे. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहावयास आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. मातीच्या भिंतींच्या आणि कौलारू छपरांच्या कुट्या, मधले मोकळे अंगण, अंगणातील पिंपळ, आणि सकाळ-संध्याकाळ चालणारी चरख्यांची मंद घरघर, असे त्या आश्रमाचे रूप होते. कातणारा उजव्या हाताने चक्र फिरवी. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत पेळू धरून तो हात हळूहळू मागे नेई, आणि चातीच्या टोकाशी सूत वाढत जाई. चिमटी किंचित घट्ट झाली की सूत तुटते. किंचित सैल झाली की जाड व गाठाळ निघते. इतके नाजूक काम बोटे करतात, म्हणून पाहणाऱ्याची दृष्टी बोटांवर खिळते. वस्तुतः ती थोडी वर, कोपराकडे वळावयास हवी.

बोटांत हाडे आहेत, कातडी आहे, रक्तवाहिन्या आहेत. परंतु बोट वाकविणारा किंवा सरळ करणारा एकही स्नायू बोटात नाही. ते काम करणारे मोठे स्नायू मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात असतात. या भागास प्रकोष्ठ म्हणतात. तेथून निघालेल्या चिवट, दोरीसारख्या कंडरा मनगटावरून पुढे जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. कळसूत्री बाहुली नाचते पडद्यापुढे, आणि तिचे दोर ओढणारा असतो पडद्याआड. त्यातलाच हा प्रकार होय. ज्याला शंका असेल त्याने डाव्या हाताने उजवा प्रकोष्ठ कोपराच्या थोडा खाली धरावा आणि उजव्या हाताची बोटे एकामागून एक वाकवावीत. कातडीखाली काहीतरी सरकल्याचे त्याला स्पष्ट जाणवेल. करंगळी वाकविली की एका ठिकाणी, तर्जनी वाकविली की दुसऱ्या ठिकाणी.

आणखी एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. मेजावर हात पालथा ठेवून मध्यमा तेवढी तळव्याखाली दुमडावी, बाकीची बोटे पसरलेलीच ठेवावीत. मग एकेक बोट उचलून पाहावे. अंगठा उचलता येतो, तर्जनी येते, करंगळीही येते. अनामिका मात्र मेजाला खिळल्यासारखी राहते! तर्जनी आणि करंगळी यांना सरळ करण्यासाठी प्रत्येकी एक स्वतंत्र स्नायू अधिक आहे; मध्यमा आणि अनामिका यांना तसा नाही, शिवाय त्यांच्या कंडरा हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींस बांधलेल्या आहेत. शेजारीण अडकून पडली की अनामिकेलाही हलता येत नाही.

मोठे स्नायू प्रकोष्ठात असले, तरी तळहातातही लहान लहान स्नायू आहेत. बोटे फाकविणे, जवळ आणणे, बोटांच्या मधल्या पेरांचे सांधे सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकविणे, ही कामे त्यांची. लेखणी धरणे, सुईत दोरा ओवणे, भाकरी थापणे, पेळू धरणे यांपैकी कोणतीही गोष्ट त्यांच्यावाचून नीट होत नाही. हे छोटे स्नायू निकामी झाले म्हणजे काय होते, हे वर्धा जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे.

संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर होते. त्यांना कुष्ठरोग झाला होता. पुढे १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला येऊन दाखल झाले. त्या काळी कुष्ठरोग्याला घरचे लोकही दारात उभे करीत नसत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि ते रोज स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगास मालीश करीत. परचुरे शास्त्र्यांची कुटी आजही आश्रमात दाखविली जाते. त्याच्याही आधी, १९३६ साली, विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले होते. ज्यांना गावाने बाहेर काढले असे स्त्रीपुरुष तेथे शेती करीत, सूत कातीत, कापड विणीत. पुढे आनंदवन उभारणारे बाबा आमटेही याच जिल्ह्यातले. १९१४ साली त्यांचा जन्म हिंगणघाट येथे झाला. १९५० नंतर गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन या संस्थेने वर्ध्यास आपले ठाणे केले. तिच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन रोगी शोधण्याचा, त्यांना औषध देण्याचा आणि लोकांची समजूत घालण्याचा क्रम चालविला.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वे देशातील हान्सेन या डॉक्टरला १८७३ साली आढळले. हे जंतू शरीरातील थंड भाग पसंत करतात, म्हणून कातडी आणि कातडीलगतचे मज्जातंतू यांवर त्यांचा पहिला घाला पडतो. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो. तेथे धक्का बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव प्रत्येकाला आहे. नेमका हाच मज्जातंतू कुष्ठरोगात सुजून जाड होतो. तळहातातील बहुतेक लहान स्नायूंना हुकूम पोहोचविणारा तोच. तो मेला की त्या स्नायूंकडे निरोप जाणे थांबते. प्रकोष्ठातील मोठे स्नायू मात्र बरेचसे शाबूत राहून ओढीतच असतात. त्यांना आवर घालणारे कोणी उरत नाही, आणि बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळतात. त्याच वेळी कातडीची संवेदनाही जाते. चुलीवरचे गरम भांडे उचलताना बोट भाजले तरी ते कळत नाही. जखमा होतात, त्या चिघळतात, आणि बोटे झिजत जातात. लोक म्हणत की रोगाने बोटे झडली. खरी गोष्ट अशी की, बोटे झडत ती बहुधा न कळलेल्या जखमांनी.

तेव्हा बोटाचे हलणे हे निरोपावर अवलंबून आहे. हा निरोप असतो तरी कसला?

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका बेडकाने दिले. इटलीतील बोलोन्या शहरी लुइजी गाल्वानी नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. मेलेल्या बेडकाच्या पायातील मज्जातंतूला विजेचा स्पर्श होताच पाय झटका मारतो, असे त्यास दिसले. त्याने १७९१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि प्राण्याच्या अंगातच वीज असते असे प्रतिपादन केले. व्होल्टा या दुसऱ्या शास्त्रज्ञास ते पटले नाही. दोघांच्या वादातून १८०० साली व्होल्टाने विजेची पहिली घटमाला बनविली. असे वाद जगात अधिक व्हावेत! गाल्वानीचेही म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. बर्लिनच्या द्यू बुआ-रेमों याने १८४९ साली ते माणसाच्या बाबतीत दाखवून दिले. तारेचे हजारो वेढे गुंडाळून त्याने अतिशय हळवे विद्युत्‌मापक यंत्र तयार केले. माणसाच्या दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्याच्या दोन भांड्यांत बुडवून त्याने ती भांडी यंत्राला जोडली. माणूस स्वस्थ असता काटा स्थिर राही. त्याने एक हात ताठ आवळला की काटा हले. कातडी वीज अडविते हे ओळखून त्याने हातांवर मुद्दाम फोड आणविले आणि ती कातडी काढून टाकल्यावर काटा कितीतरी अधिक हलला.

मेंदूतून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातून आणि मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचतो. एकेक मज्जातंतू अनेक स्नायूतंतूंचा मुकादम असतो. हाताच्या नाजूक स्नायूंत एकाच्या हाताखाली शंभराच्या आसपास तंतू असतात, तर पिंढरीच्या दांडग्या स्नायूत हजाराहून अधिक. म्हणूनच बोटे बारीक काम करू शकतात आणि पिंढरी शरीराचा भार उचलू शकते. मुकादमाचा इशारा येताच त्याचे सर्व तंतू एकदम आखडतात, आणि आखडण्यापूर्वी प्रत्येकावरून विजेची एक लहानशी लाट धावते. बोट प्रत्यक्ष हलण्याच्या काही शतांश सेकंद आधीच ही लाट उठलेली असते. कातडीवर धातूची चकती ठेवली की असंख्य लाटांची बेरीज तिच्यावर उमटते. ही वीज फार तर काही मिलिव्होल्ट भरते. विजेरीतील साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. म्हणजे एक मिलिव्होल्ट हा त्याचा दीड हजारावा हिस्सा झाला. यंत्राने ती हजारपट वाढविल्यावरच नीट वाचता येते. या वाचण्याला इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे स्नायूंचे विद्युत्-आलेखन, असे नाव आहे.

१९२९ साली इंग्लंडमध्ये एड्रियन आणि ब्राँक यांनी सुईच्या पोटात बारीक तार बसवून ती थेट स्नायूत टोचली व तिची वीज ध्वनिवर्धकातून ऐकली. निरोगी स्नायू आवळला की मोठी गर्जना ऐकू येते; सैल सोडला की शांतता. मज्जातंतू मेलेल्या स्नायूची गोष्ट निराळी. माणूस कितीही जोर करो, गर्जना उठत नाही. आणि स्नायू स्वस्थ असताना मात्र टपटप, टपटप असा पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखा बारीक आवाज येत राहतो. मुकादम नाहीसा झाल्यावर पोरके झालेले तंतू आपापले, हुकुमावाचून, थरथरत असतात. डोळ्यांना ही थरथर दिसत नाही. सुईला ती ऐकू येते. नख्यांसारख्या वळलेल्या हातावर ही तपासणी केली, तर तळहातात असा पोरका आवाज, आणि प्रकोष्ठात तीच जुनी जिवंत गर्जना आढळते. बोटे गेली असे लोक म्हणतात त्या हातातही निरोप अर्ध्या वाटेपर्यंत येतच असतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. भारतातच जन्मलेले हे डॉक्टर १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याच्या हातांत कोणते स्नायू जिवंत व कोणते मृत, याची त्यांनी काळजीपूर्वक पाहणी केली आणि १९४८ पासून अशा हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. त्यांतील एक रीत अशी: प्रत्येक बोट वाकविण्यास प्रकोष्ठात दोन थरांत दोन स्नायू आहेत. दोनांपैकी एक उसना घेतला तर बोटाचे फारसे अडत नाही. म्हणून मध्यमेच्या वरच्या थरातील स्नायूची कंडरा तिच्या टोकाकडून सोडवून घ्यावयाची, तिच्या चार पट्ट्या करावयाच्या, आणि मेलेल्या लहान स्नायूंच्या जागी त्या चारही बोटांना जोडावयाच्या. काही आठवडे हात पलस्तरात राहतो. पलस्तर निघाल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. बोटे सरळ करावयाची असली, तरी रोग्याने मनात आणावयाचे ते मध्यमा वाकविण्याचे! निरोप जुनाच, पण त्याचे फळ नवे. प्रथम हात ऐकत नाही; रोगी गोंधळतो, बोटांकडे पाहात राहतो; पुन्हा पुन्हा प्रयत्न करता करता एके दिवशी बोटे उघडतात. पुढे तर मध्यमा मनात आणण्याचीही गरज उरत नाही.

ज्याचा हातच मनगटापासून तुटला आहे, त्याची अवस्था यापेक्षा वेगळी. तरी एका बाबतीत तशीच. यंत्रात, अपघातात किंवा युद्धात हात गेला, तरी प्रकोष्ठाचा उरलेला भाग जिवंत असतो. हात नाही हे मनाला ठाऊक असते, पण मेंदू बोटांकडे निरोप धाडावयाचे सोडीत नाही, आणि स्नायू तो मुकाट्याने पाळीत असतात. पुण्यास १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असता, सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र निघाले. त्या काळचे कृत्रिम हात खांद्याच्या हालचालीने पट्टा ताणून उघडावे लागत. प्रकोष्ठात येणारा निरोपच वाचून हात चालवावा, अशी कल्पना जर्मनीत म्युनिक येथे रायटर यास सुचली. १९४८ साली त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे यंत्र मेजावर ठेवावे लागे इतके अवजड होते. १९६० च्या सुमारास मॉस्कोमध्ये कोब्रिन्स्की आणि त्याचे सहकारी यांनी ट्रान्झिस्टर वापरून अंगावर बाळगता येईल असा विद्युत्-हात केला. पण तो दोनच गोष्टी जाणत असे: मूठ उघडणे आणि मूठ मिटणे.

पाच बोटांचे पाच निरोप वेगवेगळे ओळखणे, हे त्याहून पुष्कळ अवघड काम आहे. भिंतीपलीकडे पाच जणी पाच जात्यांवर दळीत आहेत आणि अलीकडे बसलेल्याने नुसत्या घरघरीवरून कोणते जाते केव्हा आणि किती वेगाने फिरले ते सांगावयाचे, अशी कल्पना करावी. प्रकोष्ठातील स्नायू एकमेकांना चिकटून, थरांवर थर असे बसलेले आहेत. कातडीवरील प्रत्येक चकतीला सर्वांचाच आवाज ऐकू येतो. जवळच्याचा मोठा, खोलच्याचा बारीक. म्हणून संशोधक एकच चकती न ठेवता प्रकोष्ठाभोवती बांगडीसारख्या अनेक चकत्या बांधतात. प्रत्येक चकतीवरील वीज सेकंदाला हजार किंवा अधिक वेळा मोजली जाते. मग त्या मोजमापांचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात वीज किती जोराची होती, ती किती वेळा धनाची ऋण झाली, अशी लक्षणे काढतात. भिंतीपलीकडच्या ऐकणाऱ्यालाही सर्व भिंतीला ठिकठिकाणी कान लावले, तर हे साधेल.

परंतु लक्षणे मिळाली तरी त्यांचा अर्थ कोण सांगणार? त्यासाठी यंत्राला शिकवावे लागते. धड हाताच्या माणसाच्या बोटांवर कोन मोजणारा हातमोजा चढवितात, आणि तो बोटे हलवीत असता एकीकडे वीज व दुसरीकडे बोटांचे कोन अशी दोन्ही नोंद ठेवतात. संगणक या दोहोंचा संबंध जुळवितो: वीज अशी असली की तर्जनी इतकी वाकलेली होती, तशी असली की अंगठा पुढे आला होता. अशी हजारो उदाहरणे पाहिल्यावर त्याला नुसती वीज दाखविली तरी तो बोटांच्या स्थितीचा अंदाज करतो. तो अंदाजच होय, ज्ञान नव्हे. ज्याला हात नाही त्याला मोजा कोठे चढविणार, ही अडचण संशोधकांनी मोठ्या युक्तीने सोडविली. मोजा त्याच्या धड हातावर चढवावयाचा, आणि त्याने दोन्ही हात बरोबरच हलवावयाचे. एक प्रत्यक्ष, दुसरा मनाने.

प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून केलेला अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. बाहेरच्या जगात मात्र घाम येतो, चकती बोटभर सरकते, हात वर उचलला की स्नायूंची ठेवण बदलते, आणि दमलेल्या स्नायूच्या लाटा संथ होतात. सकाळी शिकलेला धडा यंत्र संध्याकाळी चुकवू लागते. उत्तर देण्यास फार वेळ लागूनही चालत नाही; सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा विलंब झाला, तर हात आपला न वाटता परका वाटू लागतो. आणि मध्यमा-अनामिका यांची ती जुनी बांधिलकी येथेही छळते: एक हलविण्याचा निरोप निघाला की दुसरीच्या स्नायूतही थोडी कुजबुज होते. तळहातातील लहान स्नायूंचा निरोप तर प्रकोष्ठावर ऐकूच येत नाही, कारण ते तेथे नाहीतच.

अलीकडच्या विद्युत्-हातांना पाच स्वतंत्र बोटे असतात. ते किल्ली धरतात, पेला उचलतात, मूठ आवळतात. चरख्यापाशी बसलेल्या माणसाच्या हातात मात्र निरोप दोन्ही दिशांनी वाहतात. पेळूतून सूत ओढताना ताण वाढला, हे चिमटीला सूत तुटण्याआधी कळते आणि ती सैल होते. दत्तपूरच्या ज्या रोग्यांच्या बोटांची संवेदना गेली होती, त्यांना भांडे गरम आहे की गार हे डोळ्यांनी आणि सवयीने ओळखावे लागे. विद्युत्-हात लावणाऱ्या माणसालाही पेला किती घट्ट धरला गेला आहे ते त्याच्याकडे पाहूनच समजते. म्हणून आता संशोधक कृत्रिम बोटांच्या टोकांवर दाब मोजणारी साधने बसवीत आहेत, आणि त्या दाबाप्रमाणे उरलेल्या हाताच्या कातडीला हलके कंप किंवा विजेचे सौम्य स्पर्श देऊन पाहात आहेत.